ऑफिसातली न दिसणारी माणसं

ऑफिसात नेट बंद पडलं की माणूस खुर्ची मागे ढकलतो, शेजारच्याला "तुझंही गेलंय का?" असं विचारतो आणि पाय मोकळे करायला उठतो. तेवढ्यात कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत, कसलातरी डबा बंद-चालू करून ते परत आणतं. तो कोण, हे बहुतेकांना कधीच कळत नाही. टेबलाची उंचीही कुणीतरी ठरवलेली असते. फायलींची प्रत रात्री आपोआप कुठेतरी जात असते. संध्याकाळी बाकीचे उठले की आपणही उठतो. घरून काम सुरू झालं की ही सगळी मंडळी एकदम राजीनामा देतात. त्यांचं काम मात्र जागेवर राहतं आणि मुकाट आपल्या अंगावर येऊन पडतं.

म्हणून "घरून काम करायला कुठलं अ‍ॅप चांगलं?" हा प्रश्न मला नेहमी जरा घाईचा वाटतो. अ‍ॅपचा नंबर चौथा-पाचवा. त्याआधी पाहायचं ते हे, की राजीनामा देऊन गेलेल्यांपैकी कुणाची जागा आपण भरली आहे आणि कुणाची रिकामीच आहे. रिकाम्या जागा सापडल्या की अ‍ॅप निवडणं फारसं अवघड राहत नाही. त्या सापडल्या नाहीत, तर उत्तमातलं उत्तम अ‍ॅपही "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" याच वाक्यावर अडकून बसतं.

पहिली जागा नेटवर्क सांभाळणाऱ्याची. लोक स्पीड टेस्ट करतात, १०० एमबीपीएसचा आकडा पाहून खूश होतात आणि तरी कॉलमध्ये आवाज तुटतो. याचं कारण असं, की व्हिडिओ कॉलला एवढा वेग लागतच नाही. झूमच्या मार्गदर्शनानुसार दोघांमधल्या ७२०पी कॉलला जाताना-येताना प्रत्येकी १.२ एमबीपीएस पुरतात. गटाच्या कॉलला ७२०पी दर्जासाठी अपलोड २.६ आणि डाउनलोड १.८ लागतो. खरी अडचण वेगाची नसून उशिराची असते, आणि त्याहीपेक्षा उशिराच्या चढ-उताराची. बोलणं छोट्या छोट्या तुकड्यांत कापून पाठवलं जातं. तुकडे एका लयीत पोहोचले तर आवाज सलग ऐकू येतो. काही लवकर, काही उशिरा आले की यंत्रमानवासारखी घरघर सुरू होते. दूरध्वनीसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं सांगितलं आहे. त्यापलीकडे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात आणि दोघंही "नाही नाही, तुम्ही बोला" म्हणतात. हा शिष्टाचाराचा प्रश्न नसतो, नेटवर्कचा असतो.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला पाच मिनिटं पुरतात. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडावा. 'पिंग' (एखाद्या पत्त्यावर छोटा संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा), मग 'डॅश टी' आणि त्यापुढे राउटरचा पत्ता टाइप करावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि राउटरखालच्या लेबलवरही छापलेला सापडतो. मॅकवर 'डॅश टी' लागत नाही, नुसतं पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. ओळीमागून ओळ येत राहील आणि प्रत्येकीच्या शेवटाकडे मिलिसेकंद दिसतील. वाय-फाय नीट असेल तर हा आकडा साधारण १ ते ५ च्या आसपास राहतो. तो मध्येच ८०, २०० असा उसळला तर दोष घरातल्या घरात आहे, नेट देणाऱ्या कंपनीला फोन करून उपयोग नाही. हा आकडा स्थिर असेल तर दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या पत्त्यावर, म्हणजे गुगलच्या ८.८.८.८ वर, तेच पिंग चालवावं. आता फक्त हा उसळत असेल तर घर निर्दोष आहे आणि खोट बाहेरच्या लाइनीत आहे. तक्रार नोंदवताना "नेट स्लो आहे" म्हणण्याऐवजी "राउटरपर्यंत ३, बाहेर ४००" असं सांगितलं, तर "राउटर बंद-चालू करून बघा" या ठरावीक उत्तरापुढे तरी गाडी सरकते.

बाहेरचा आकडा फक्त काही वेळाच उसळत असेल तर एक तिसरी शक्यता असते, आणि घराघरांत हीच जास्त आढळते. बाहेरचं पिंग चालू ठेवून फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावावा. २० चा आकडा लगेच ३००-४०० झाला, तर राउटर किंवा मोडेम अपलोडची रांग पोटात साठवतोय. नरसाळ्यात वरून बादली ओतली की खालची धार तेवढीच राहते आणि पाणी वर तुंबतं, तसंच हे. तुमच्या आवाजाचे इवलेसे तुकडे त्या व्हिडिओच्या मागे उभे राहतात. दोषी बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो: गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, फोनमधल्या फोटोंचा बॅकअप, किंवा छतावरचा कॅमेरा. कॉलपुरतं सिंक, म्हणजे फायली क्लाउडशी आपोआप जुळवणं, थांबवणं हा सोपा उपाय. त्याहून बरा उपाय म्हणजे सिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन अपलोडच्या वेगाला कायमची मर्यादा घालणं. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस ही रांग सांभाळायची सोय असेल, तर तिथे मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के एवढा आकडा भरावा. थोडा वेग सोडून दिला जातो, पण रांग मोडेमपर्यंत पोहोचतच नाही.

वाय-फायचं म्हणाल तर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती ओलांडतो, पण गर्दीचा असतो. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच. मायक्रोवेव्हची लहर २.४५ गिगाहर्ट्झची, त्यामुळे कुणी जेवण गरम करायला घेतलं की त्या पट्ट्यावरचा कॉल अडखळतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. 'ऑटो' काढून यांपैकी जे रिकामं असेल ते पक्कं करावं. ३ किंवा ४ निवडणं म्हणजे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा त्रास ओढवून घेणं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे आणि तिथे गर्दीही कमी, पण दोन भिंतींनंतर तो मान टाकतो. काम एकाच टेबलावर बसून करायचं असेल तर मी सरळ सांगेन, केबल टाका. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग देते आणि पिंग एका मिलिसेकंदाच्या आत आणते. लोक आधी रिपीटर विकत घेतात. एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकायला आणि पुढे पाठवायला तोच पट्टा वापरतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. घरात कव्हरेजच्या दांड्या पूर्ण आणि कॉल मात्र तुटका, अशी तक्रार त्यातूनच येते.

याच पट्ट्यातली एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. बिनतारी माउस उड्या मारतो, कीबोर्ड अक्षरं गिळतो, बॅटरी बदलूनही फरक पडत नाही. अशा वेळी माउसचं इवलंसं रिसीव्हर कुठे खोचलंय ते पाहावं. यूएसबी ३ च्या पोर्टमधून किंवा शेजारी लावलेल्या हार्ड डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनेच २०१२ साली यावर टिपण काढलं होतं. यूएसबीची हातभर एक्स्टेंशन वायर घेऊन रिसीव्हर लॅपटॉपपासून दूर नेला, की माउस शहाण्यासारखा वागतो.

वीज गेली की लॅपटॉप चालूच राहतो, मरतो तो राउटर. त्याला मोठा इन्व्हर्टर लागत नाही. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि ८-१० वॉट खातात. राउटरसाठीचे छोटे डीसी यूपीएस मिळतात. त्यांच्या खोक्यावर मिलिअँपिअर-तास छापलेले असतात, पण तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो हे विसरायचं नाही. १०,००० म्हणजे ३७ वॉट-तास. त्यातले १५ टक्के रूपांतरात गेले असं धरलं, तर ८ वॉटचा राउटर चारेक तास चालतो. विकत घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनेच्या चित्रात अधिकचं चिन्ह आत आहे की बाहेर, हे तिन्ही जुळवून बघावं. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. फायबरचं कनेक्शन असेल आणि भिंतीवर ओएनटीचा (फायबरची लाइन जिथे येते तो) वेगळा डबा असेल, तर त्यालाही वीज हवी. तो विसरला की राउटरचे दिवे लुकलुकत राहतात आणि नेट मात्र नसतं.

पर्याय म्हणून फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवावा, पण तयार म्हणजे खरोखर तयार. लॅपटॉपला तो आधीच एकदा जोडून पासवर्ड जतन केलेला असावा, आणि विंडोजमध्ये त्या जोडणीवर 'मीटर्ड' (म्हणजे मोजका डेटा) ही खूण करून ठेवावी. ती नसेल तर मीटिंगच्या ऐन मध्यात अपडेट उतरायला लागतो आणि डेटा संपतो. वाय-फायऐवजी यूएसबीची वायर लावून टेदरिंग केलं तर जोडणी स्थिर राहते आणि फोन चार्जही होतो. हिशेबही सोपा आहे: १.२ एमबीपीएस जाताना आणि १.२ येताना, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. कॅमेरा बंद करून नुसता आवाज ठेवला तर तोच तास ७०-८० एमबीमध्ये भागतो.

आता आवाज. चेहरा धूसर दिसला तर लोक चालवून घेतात, पण आवाज धूसर असेल तर दहा मिनिटांत त्यांचं लक्ष उडतं. तरीही पैसे आधी कॅमेऱ्यावर खर्च होतात. माइकबाबत एकच गोष्ट खरी, ती म्हणजे अंतर. माइक आणि तोंडातलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून कानाला लावायच्या साध्या वायरवाल्या इअरफोनचा माइक, टेबलापलीकडे ठेवलेल्या महागड्या माइकपेक्षा बरा ऐकू येतो. तो कॉलरला घासू नये, एवढं बघायचं. टेबलावरचा माइक असेल तर तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवावा. अगदी समोर असला की 'प', 'फ', 'भ' उच्चारताना फुंकर थेट त्याच्यावर आदळते.

ब्लूटूथ हेडफोनचं एक दुखणं नेहमी अ‍ॅपच्या माथी मारलं जातं. गाणी ऐकताना सुरेख वाजणारा हेडफोन कॉल सुरू होताच जुन्या टेलिफोनसारखा का वाजतो? कारण ब्लूटूथ दोन वेगळ्या रीतींनी चालतं. नुसतं ऐकायचं असेल तर उत्तम दर्जाची एकतर्फी वाट वापरली जाते. माइकही हवा असेल तर ते दुतर्फी वाटेवर उतरतं, आणि तिथे आवाजाचा नमुना सहसा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. उपाय सोपा आहे. कॉलच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवावा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा किंवा वायरवाला निवडावा. हेडफोन लगेच पुन्हा गोड वाजायला लागतो.

रिकामी खोली, उघड्या भिंती, गुळगुळीत फरशी असेल तर घुमारा येणारच. त्यासाठी स्टुडिओतले फोमचे तुकडे चिकटवण्याची गरज नाही. जाड पडदा, गादी, भरलेलं पुस्तकांचं कपाट यांपैकी एखादी गोष्ट तुमच्या तोंडासमोर असावी, कारण आवाज पुढे जातो आणि समोरून परततो. पाठीमागच्या भिंतीवर केलेला खर्च कॅमेऱ्यात छान दिसतो, कानाला तितका उपयोगी पडत नाही. गोंगाट गाळण्याची सोय अ‍ॅपमध्येही असते आणि हेडफोनमध्येही. दोन्ही एकदम चालू असल्या की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं, तेव्हा एक बंद करावी. गाणं किंवा वाद्य शिकवणाऱ्यांनी तर झूममधला 'ओरिजिनल साउंड' चालू करावा, नाहीतर लांबवलेला स्वर गोंगाट समजून कापला जातो.

प्रतिध्वनीचा गुन्हेगार शोधण्याची एक युक्ती आहे. ज्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, ते निर्दोष. ज्या एकट्याला तो त्रास होत नाही, त्याच्याच स्पीकरमधून आवाज निघून त्याच्याच माइकमध्ये शिरत असतो. त्याने हेडफोन घातला की प्रश्न मिटतो. एकाच खोलीत दोन लॅपटॉप एकाच कॉलवर असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. नुसता माइक बंद करून भागत नाही.

म्यूटसाठी बटण शोधत बसण्यापेक्षा कळा पाठ कराव्यात. विंडोजवर गुगल मीटमध्ये कंट्रोल आणि डी, टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम, झूममध्ये ऑल्ट आणि ए. झूममध्ये म्यूट असताना स्पेसबार दाबून धरला तर तेवढ्यापुरता आवाज सुरू होतो, एका वाक्याच्या उत्तरासाठी ही सोय फार छान. मीटची कळ मात्र मीटची टॅब समोर असेल तरच चालते. दुसऱ्या टॅबवर असताना ती दाबली की ब्राउझर ते पान बुकमार्क करायला निघतो आणि तुमचा खोकला सगळ्यांना ऐकू जातो. स्क्रीन दाखवताना पूर्ण स्क्रीन न देता एकच खिडकी द्यावी, आणि आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावावं. व्हिडिओ दाखवायचा असेल तर क्रोममध्ये 'टॅब' हा पर्याय घेऊन आवाजाची खूण चालू करावी, नाहीतर समोरच्यांना मूकपट दिसतो. उजेडाबद्दल एकच सांगायचं: खिडकी चेहऱ्यासमोर असावी, पाठीमागे नको. कॅमेरा प्रखर उजेडाशी जुळवून घेतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो.

ऑफिसातली आणखी एक न दिसणारी सोय म्हणजे जाता-येता होणारं बोलणं. जिन्यात भेटून अर्ध्या मिनिटात मिटणारी गोष्ट घरून करायची तर लिहावी लागते, आणि लिहिण्याची सवय नसली की तिची अर्ध्या तासाची मीटिंग होते. सकाळी १० ला "हाय", १०:०२ ला "आहेस का?", १०:१५ ला "एक विचारायचं होतं" असे तीन संदेश आले, की समोरच्याचं लक्ष तीनदा मोडतं आणि तरी प्रश्न कळलेला नसतो. त्याऐवजी हे बघा: "ताई, तिमाही अहवालातल्या तक्ता ४ आणि तक्ता ७ मधल्या बेरजा जुळत नाहीत. एकात ४,१२० आहे, दुसऱ्यात ४,२१०. मूळ नोंदीत ४,२१० आहे, म्हणून तोच बरोबर असावा. उद्या दुपारी १२ पर्यंत तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर तसा बदल करून पुढे पाठवते. दोन्ही तक्त्यांची लिंक खाली देते." यात अडचण आहे, पुरावा आहे, स्वतःचं मत आहे, मुदत आहे, आणि उत्तर आलं नाही तर काय होईल तेही आहे. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. मात्र ती परत फिरवता येणाऱ्या कामांपुरतीच वापरावी. पैसे पाठवणं, ग्राहकाला उत्तर देणं, काही कायमचं पुसणं यांत "उत्तर नाही म्हणजे होकार" चालत नाही. (जाता जाता: दोन बेरजांतला फरक ९ ने भागला जात असेल, तर बहुधा कुणीतरी दोन आकड्यांची अदलाबदल केलेली असते. वरच्या उदाहरणात फरक ९० आहे.)

चॅटवर झालेला निर्णय चॅटमध्येच ठेवला तर तो हरवतो. स्लॅकच्या फुकट योजनेत तर ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसेनासे होतात. निर्णय झाला की तो सामाईक दस्तऐवजात तारखेसह एका ओळीत टाकावा आणि त्याची लिंक चॅटमध्ये द्यावी, उलटं नाही. कामांच्या फळ्यासाठी ट्रेलो घ्या नाहीतर भिंतीवर कागद चिकटवा, रकाने तीनच पुरतात: करायचं, चालू, झालं. 'चालू'मध्ये दोन-तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. तिथे नऊ असल्या तर त्यांतली सात कामं चालू नसून नुसती सुरू केलेली असतात.

मीटिंगच्या फुकट मर्यादा लक्षात ठेवलेल्या बऱ्या. झूम ४० मिनिटांनी थांबतं. मीट तीन किंवा अधिक जणांना ६० मिनिटं देतं. मला यात तोटा वाटत नाही, ४० मिनिटांत न संपणारी बहुतेक चर्चा आधी लिहून काढायला हवी होती. गुगल कॅलेंडरमध्ये 'स्पीडी मीटिंग्ज' चालू केलं की अर्ध्या तासाच्या जागी २५ आणि तासाच्या जागी ५० मिनिटं आपोआप धरली जातात. लागोपाठच्या कॉलमध्ये पाणी प्यायला तेवढाच वेळ मिळतो.

वेगवेगळ्या देशांतल्या लोकांबरोबर काम असेल तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर जपून काढावेत. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. म्हणजे मधले दोन किंवा तीन आठवडे या दोघांमधलं अंतर एका तासाने बदलतं. परतताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तिथे एक आठवड्याचा घोळ. दर आठवड्याची मीटिंग ज्याने लावली त्याच्या घड्याळाला ती बांधलेली असते. त्यामुळे वेळ कुणाची सरकणार हे आधीच ठरलेलं असतं, फक्त कुणी पाहिलेलं नसतं. तारखेच्या कडेवरची मुदत देताना "शुक्रवारी रात्री १२" कधीच लिहू नये. शुक्रवार सुरू होतानाचे १२ की संपतानाचे? २३:५९ आणि शेजारी यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहिली की वाद उरत नाही.

फायलींच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहिली, २०२५-०३-०९ अशी, की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. मेलने फाइल पाठवताना जीमेलची मर्यादा २५ एमबी असली, तरी जोडलेली फाइल मजकुराच्या रूपात बदलून जाते आणि एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे १९-२० एमबीची फाइलही समोरच्याचा सर्व्हर परत पाठवू शकतो. लिंक द्यावी. देताना "ज्यांच्याकडे लिंक आहे त्यांना बदल करता येईल" हे गरजेशिवाय ठेवू नये.

इथे एका गैरसमजाची किंमत फार मोठी असते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचं काम सगळीकडे एकच स्थिती ठेवणं, म्हणून तुम्ही चुकून फोल्डर पुसलं तर ते इमानेइतबारे सगळीकडून पुसतं. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, मग गेलंच. कामाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम जुना आहे आणि अजून खोटा ठरलेला नाही. बाहेरची डिस्क बॅकअपपुरतीच जोडावी आणि मग काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस लॅपटॉपबरोबरच कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल बॅकअपमधून परत काढून उघडून बघावी. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबण्यात अर्थ नाही. वनड्राइव्हमध्ये फायलीशेजारी ढगाचं चित्र दिसलं तर ती लॅपटॉपवर नाही, नुसतं तिचं नाव आहे. नेट गेल्यावर ती उघडत नाही. उद्या लागणाऱ्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून ठेवावं.

सुरक्षेचं थोडक्यात. पासवर्ड मॅनेजर घ्यावा, बिटवॉर्डन असो वा कीपास. लॉगिन करतानाच्या दोन टप्प्यांच्या खात्रीसाठी दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे देणारं अ‍ॅप एसएमएसपेक्षा बरं. पण फोन हरवला की हेच कुलूप आपल्यावरच पडतं, म्हणून गुगल देतं ते १० बॅकअप कोड कागदावर छापून ठेवावेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो. कामासाठी ब्राउझरची प्रोफाइल वेगळी करावी. त्याने खाती मिसळत नाहीत, आणि स्क्रीन दाखवताना पत्त्याच्या पट्टीत खासगी शोध डोकावत नाहीत. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल. ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या व्हीपीएनमुळे कॉल अडखळत असतील तर कॉलची वाहतूक त्याबाहेरून जाऊ देण्याची सोय असते, पण ती आयटी विभागानेच करायची. व्हीपीएन बंद करून काम उरकणं हा त्यावरचा उपाय नाही.

उरला तो खुर्ची-टेबल ठरवणारा माणूस. लॅपटॉपची रचनाच अशी आहे, की पडदा डोळ्यांना सोयीचा ठेवला तर हात वर जातात आणि हात सोयीचे ठेवले तर मान खाली जाते. दिवसाला आठ तास बसायचं असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस घेऊन लॅपटॉप उचलण्याला पर्याय नाही. पुस्तकांचा गठ्ठाही चालतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, अंतर ५० ते ७० सेंटिमीटर, कोपर काटकोनात किंवा किंचित मोकळं, खांदे सैल. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्यावा, कारण काचेच्या खालच्या भागातून पाहायला माणूस हनुवटी वर करतो आणि मग मान आखडते. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्यावी आणि लटकणाऱ्या पायांखाली काहीतरी ठेवावं. लोक उलटं करतात, पाय टेकावेत म्हणून खुर्ची खाली घेतात आणि दिवसभर खांदे उचलून टाइप करतात. खिडकी पडद्याच्या बाजूला हवी. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहायचं, हा नियम डोळ्यांसाठी बरा आहे. पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याचं सेटिंग शोधावं, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते असतं. लिथियम बॅटरीला शंभर टक्के भरलेली आणि गरम अशी अवस्था सर्वांत जास्त झिजवते.

संध्याकाळी उठवणाऱ्याची जागा कुठलंच अ‍ॅप भरत नाही. २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिलो यांची पोमोदोरो पद्धत काम सुरू करायला छान, थांबवायला तितकी नाही. थांबण्यासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवावी लागतात. अर्धवट कामात उद्याची पहिली पायरी एका ओळीत लिहावी ("तक्ता ७ ची बेरीज तपासून फाइल पाठवणे" अशी, नुसतं "अहवाल" नको), चॅटवरची स्थिती बदलावी, कामाची ब्राउझर प्रोफाइल बंद करावी. आणि शुक्रवारी लॅपटॉप 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करावा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा डिस्कवर तसाच साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे अडकलेला ऑडिओ ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. अपडेट लागायचे असतील तर तेही शुक्रवारीच उरकतात, सोमवारी नऊच्या कॉलला पडद्यावर फिरणारं वर्तुळ बघत बसावं लागत नाही.